आणणाऱ्याचा तुकडा

बिस्किटं भाजतो मी आणि नाव ताईचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा झालो. दुकानाच्या पाटीवर वडिलांनी ठेवलेलं एक भारदस्त नाव आहे, तेही सोनेरी अक्षरांत. ते आजवर कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. लोक म्हणतात, "ताईची बिस्किटं आणा." पहाटे उठून पीठ मळतो मी, भट्टीपुढे शेकून निघतो मी, लोणी जरा आंबूस लागलं तर लोणीवाल्याशी कडाकडा भांडतो मी. आणि ताई काय करायची? काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसून लोकांच्या गुडघेदुखीची चौकशी करायची. तरी बिस्किटं तिची!

ताई माझी मोठी बहीण. तिचे यजमान लवकर गेले, माझं लग्न जमता जमता राहिलं (माझ्या स्वभावामुळे, असं ताईचं मत), त्यामुळे दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो: ताई, तिची मुलगी आणि मी. दुकान पुढे, भट्टी मागे. मधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे, तिच्यातून मी भाजलेले ट्रे पुढे सरकवतो. त्या खिडकीतून मला फक्त ताईची पाठ दिसायची. ऐकू मात्र सगळं यायचं.

आणि काय ऐकू यायचं? "अगं बाई, तुटलं!"

रोज, दिवसभर. गिऱ्हाईक पाकीट बांधून घेत असलं की हे व्हायचंच. "तुटलं बघा. आता हे काही पाकिटात घालता येत नाही. घ्या, तुम्हीच टाका तोंडात." आणि मग आवाज चढवून, खास माझ्यासाठी: "धाकट्या, फार नाजूक भाजतोस रे!"

माझं टाळकं सरकायचं. हातातलं काम टाकून मी खिडकीशी जाऊन ओरडायचो, "बिस्किट नाजूक नाही, तुझे हात धसमुसळे आहेत! नीट हाताळ की जरा!" बाहेर हशा पिकायचा. आम्हा बहीण-भावाचं भांडण म्हणजे लोकांची फुकटची करमणूक होती. चार वाजता चहा आत यायचा, सोबत बशीत अर्धीमुर्धी बिस्किटं. "तुझी तुटकी तूच संपव," असा निरोप. ज्याने भाजली त्याच्या नशिबी कायम तुकडे. मी कुरकुरत खायचो, आणि ताई खिडकीशी उभी राहून ती कुरकुर शेवटपर्यंत ऐकायची.

एका सकाळी बाहेरून आवाज आला नाही. मी ट्रे पुढे सरकवला, दुसरा सरकवला, तरी कुणी ओढून घेईना. जाऊन पाहिलं तर ताई स्टुलावरून घसरून भिंतीला टेकलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू काही चूक तिचीच झाली आहे. मी जन्मभर जिच्यावर ओरडलो तिच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. पुढे घरी आल्यावर शब्दांपैकी एकच शब्द तिच्याकडे परत आला: "बरं." पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं, माझा राग आला तरी बरंच. मात्र त्या एका शब्दाला ती इतके सूर लावायला शिकली की आठवड्याभरात आम्हाला तो नीट कळू लागला.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, बऱ्या झालात की काय करायचंय?" ताईने डाव्या हाताचं बोट खाली जमिनीकडे केलं. जमिनीखाली दुकान. जाताना त्या बाई जिन्यात मला म्हणाल्या, "त्यांना खाली जायचंय म्हणून त्या हात हलवतायत. ती ओढ सांभाळा. ती गेली तर माझ्या हातात काही उरणार नाही."

मी वर जाऊन ताईला वचन दिलं. म्हटलं, "दुकान जसंच्या तसं ठेवतो. तू फक्त ये."

"बरं," ती म्हणाली.

आता जसंच्या तसं म्हणताना एक गोष्ट मात्र मी सुधारायची ठरवली. तुकडे. ताई परत येईल तेव्हा एकही बिस्किट तुटत नाही हे तिला दाखवायचं, हा माझा हट्ट. भाची एका जाहिरातीच्या कंपनीत आहे. हुशार आहे, आणि माझ्यापुढे न घाबरता बोलणारी घरात ती एकटीच. ती सकाळी काउंटर सांभाळायची, भट्टी निवली की दुपारपासून मी बसायचो. तिने एक देखणं खोकं तयार करवून घेतलं, आत प्रत्येक बिस्किटाला वेगळा कप्पा, वरून चिकटपट्टी. खोकं जमिनीवर आपटलं तरी आतलं बिस्किट शाबूत. मी आपटून पाहिलं आहे.

"मामा, ब्रँड म्हणजे पाटी नव्हे आणि खोकंही नव्हे," ती म्हणायची. "गरज पडली की लोकांना आधी आपण आठवलो पाहिजे."

"बिस्किट चांगलं असलं की आठवतंच," मी म्हणायचो. "चांगल्या बिस्किटाला जाहिरात कशाला हवी?"

पहिले काही दिवस लोकांनी खोक्याचं तोंडभर कौतुक केलं. मग हळूहळू दारावरची घंटी कमी वाजू लागली. आमच्या दाराला एक छोटी पितळी घंटी आहे, कुणी आत आलं की किणकिणते. दुपारच्या दुपार मी त्या घंटीकडे कान लावून बसायचो. दुसरं करायला काही नव्हतं. काउंटरची फळी पुसायची, पुन्हा पुसायची. पुसताना लक्षात आलं, फळीच्या आतल्या कडेला, डाव्या बाजूला, लाकडाला एक गुळगुळीत खळगा पडलाय. उंदराने कुरतडलं असावं असं वाटलं. सुताराला सांगून ठेवलं. सुतार तो सुतार, उद्या येतो म्हणाला आणि आला नाही.

संध्याकाळी वर जाऊन मी ताईला सांगायचो, "काय गर्दी होती आज! श्वास घ्यायला फुरसत नाही."

"बरं," ती म्हणायची आणि माझ्या हातावर हात ठेवायची. खोटं बोलायची मला सवय नाही. भांडायची आहे, ती गोष्ट वेगळी.

भाचीने सुट्टीच्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांची घरं गाठली. काय आवडतं, काय खटकतं, सगळं विचारून आली. चव तीच आहे म्हणाले, खोकं सुंदर आहे म्हणाले, आईला नमस्कार सांगा म्हणाले. "मग येत का नाहीत?" मी विचारलं. तर म्हणे, हल्ली घरातलं माणूस तेवढ्या लांब जायला कंटाळतं, कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातलंच आणतं. मी म्हटलं, "लांब? आपलं दुकान काय रात्रीतून सरकलं?"

त्याचं उत्तर मला रस्त्यात सापडलं. काठीवाले आजोबा म्हणून एक आहेत. रोज सकाळी काठी टेकत यायचे, ताईशी बोलायचे, पाकीट घेऊन जायचे. एका दुपारी ते मला त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले, हातात भलत्याच कंपनीचा पुडा. मला राहवेना. भर रस्त्यात मी त्यांना गाठलं.

"आजोबा, आमच्यात काय खोट निघाली ते तरी सांगा!"

ते बिचारे असे गोरेमोरे झाले की मलाच लाज वाटली. "तसं काही नाही हो. बिस्किटं तुमचीच चांगली. पण पाय दुखतात. सून म्हणते, बिस्किटं घेऊन या, कुठूनही आणा."

"पाय आधीही दुखत होते. ताई रोज विचारायची."

ते हसले. मग काठीकडे बघत म्हणाले, "ताई तुकडा द्यायची. कसं आहे, पुडा घरी गेला की सुनेच्या डब्यात जातो. सून चांगली आहे, माझ्या साखरेची काळजी करते, म्हणून माझ्या वाट्याला चहासोबत काही येत नाही. पण ताईकडे रोज एखादं तुटायचं. मी एकदा म्हटलंही, ताई, माझ्याच वेळी कसं गं तुटतं? तर म्हणाली, आणणाऱ्याचं नशीब! तो तुकडा चघळत मी घरापर्यंत जायचो. आता तुमची तुटत नाहीत. चांगलंच झालं ते. धंद्याच्या दृष्टीने चांगलंच."

घरी येऊन भाचीला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला. "आपण खाणाऱ्यांना विचारत बसलो, मामा. आणणाऱ्यांना कुणी विचारलंच नाही!"

कोण आणायला येतं ते मग आम्ही बसून आठवलं. काठीवाले आजोबा. दवाखान्यात फरशी पुसणारी मावशी, डॉक्टरीणबाईंसाठी न्यायची. साहेबांचा ड्रायव्हर. नवऱ्याला पाहुण्यांपुढे ठेवायला ऐनवेळी बिस्किटं लागतात म्हणून ओल्या हातांनी धावत येणारी ती शिंपीणबाई. सगळी दुसऱ्याच्या तोंडात जायचं ते वाहून नेणारी माणसं. ती ज्या दुकानात पाय वळवतील ते दुकान चालणार.

त्या रात्री मला आमचं जुनं घर आठवलं, वडिलांनी हे दुकान काढायच्या आधीचं. लहानपणी दुकानातून सामान आणायचं काम माझं. वडील कडक होते, वाटेत पुडा उघडायचा नाही. एकदा मी न राहवून एका बिस्किटाचा कोपरा खाल्ला. वडिलांनी हात उगारला तशी ताई मध्ये आली. "दुकानदारानेच तुटलेलं दिलं," ती म्हणाली. माझ्या तोंडाला चुरा लागलेला, आणि ही धडधडीत सांगतेय की दुकानदाराने दिलं. वडिलांचा हात खाली आला. एवढं आठवलं आणि मी कूस बदलली. तेव्हाही माझ्या मठ्ठ डोक्यात पुरता उजेड पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. मी म्हटलं, तुकडा कशाला, अख्खं बिस्किट देऊ! भाचीने निरोप धाडल्यावर काठीवाले आजोबा आले. पाकीट दिलं आणि वर एक अख्खं, सोनेरी, दृष्ट लागेल असं बिस्किट मी त्यांच्यापुढे धरलं. ते दोन पावलं मागे सरले. "अहो, मी त्या दिवशी बोललो म्हणून का? नको, नको. मी काय मागायला येतो?" आणि काठी टेकत निघूनही गेले.

दवाखान्यातल्या मावशीने विचारलं, "याचे किती?" फुकट आहे म्हटल्यावर तिने ते रुमालात बांधलं. "अख्खं आहे, नातीला होईल." चांगलं आहे, पण मग आणणारीच्या तोंडात काय गेलं? तेव्हा मी ठरवलं, आपण तोडून द्यायचं. साहेबांचा ड्रायव्हर आला तसं मी एक बिस्किट उचललं. हात धजेना. आयुष्यभर तुटू नये म्हणून ज्याला जपलं ते आपल्याच हाताने मोडायचं! शेवटी डोळे मिटून कडाक्कन मोडलं आणि तुकडा त्याच्यापुढे आपटला.

"काका, माझं काही चुकलं का?" त्याने घाबरून विचारलं.

संध्याकाळी वर गेलो तो थेट ताईच्या खाटेवर बसलो. "ताई, मी खोटं बोललो," मी म्हटलं. "गर्दी नाही. कुणी येत नाही. तुझं दुकान मी बुडवत आणलंय. तू तुकडे द्यायचीस ते मला कळलं, पण मला देताच येत नाहीत. अख्खं दिलं तर घेत नाहीत, मोडून दिलं तर घाबरतात." ड्रायव्हर काय म्हणाला तेही सांगितलं.

ताईच्या पोटातून एक आवाज आला. मी घाबरलो. पण ती हसत होती. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा, वाकड्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. 'गर्दी नाही' याचं तिला काहीच वाटलेलं दिसेना.

भाची दारातून म्हणाली, "मामा, आईला इथे घंटी ऐकू येते. रोज."

म्हणजे रोज संध्याकाळी ती माझ्या हातावर हात ठेवायची तो माझ्या खोट्यावर ठेवायची. मी तिचा हात धरला आणि लहान मुलासारखा रडलो. ताईने डावं बोट जमिनीकडे केलं. "बरं!" या वेळचा सूर हुकमाचा होता.

व्यायामाच्या बाई आधी नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, मग स्वतःच मदतीला आल्या. आम्ही तिघांनी मिळून ताईला पायरी पायरीने खाली आणलं. स्टुलावर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून हात असलेली खुर्ची काउंटरमागे ठेवली. ती तिला पसंत पडेना. "बरं, बरं," करत तिने ती डावीकडे सरकवायला लावली, अजून जरा डावीकडे, आणि मग मान हलवली. भाचीने खोक्यांचे कप्पे उपसून बाजूला ठेवले होते आणि जुना कागद, जुना दोरा काढला होता. ताई पडेल की काय या धास्तीने मी आत न जाता तिच्या खुर्चीमागेच उभा राहिलो. त्या दुकानात काउंटरच्या त्या बाजूने, ती बसलेली असताना, मी कधी उभाच राहिलो नव्हतो.

घंटी वाजली. काठीवाले आजोबा. ताई खाली येणार हे भाचीने त्यांना कळवलं होतं. ताईला बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि माझ्याकडे बघून जरा आवरला. भाची पाकीट बांधू लागली. आजोबा बोलत होते, ताई त्यांच्या तोंडाकडे बघत मान डोलवत होती. आणि तिचा डावा हात, धडधाकट डावा हात, तिचं लक्षही नसल्यासारखा ट्रेकडे गेला, एक बिस्किट घेऊन फळीखाली उतरला, आणि त्या गुळगुळीत खळग्यात टेकला.

हलकेच कट् झालं. आजोबांना ऐकूही गेलं नसेल.

उंदीर नव्हता तो. तिच्या हाताने इतक्या वर्षांत लाकूड झिजवलं होतं. बिस्किटाची बरोबर दोन अर्धुकं झाली होती. एक तिने वर ठेवलं. दुसरं खालच्या कप्प्यात, एका बशीत टाकलं. ती बशी मी ओळखली. रोज चार वाजता ती माझ्याकडे यायची. माझी बिस्किटं कधी तुटलीच नव्हती. ताई ती मोडत होती, अर्धं आणणाऱ्यासाठी आणि अर्धं माझ्यासाठी. तिच्या लेखी पहिला आणणारा मीच होतो.

"बरं!" ताई म्हणाली. 'अगं बाई, तुटलं!' जसं म्हणायची अगदी त्याच सुरात. आजोबांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. त्यांनी भिंतीतल्या खिडकीकडे पाहिलं. ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भाचीसुद्धा दोरा हातात धरून थांबली. सगळे कशाची तरी वाट बघत होते, आणि कशाची ते मला कळायला एक क्षण लागला.

माझी वाट बघत होते. ज्या तुकड्यावरून घरचा माणूस आतून बोंबलतो, तो तुकडा खरोखर चुकूनच तुटलेला असणार. त्यात दया नाही, उपकार नाहीत, तो घ्यायला कुणाला लाज वाटत नाही. इतकी वर्षं मी रागाने ओरडत होतो आणि ताई त्या ओरडण्याच्या आडोशाने माणसांच्या हातावर तुकडे ठेवत होती.

मी आत गेलो. ते तिथूनच ओरडायला हवं होतं. खिडकीशी उभा राहिलो. दोन्ही हात चौकटीवर टेकले आणि ओरडलो, "बिस्किट नाजूक नाही, तुझे हात धसमुसळे आहेत! नीट हाताळ की जरा!"

बाहेर हशा पिकला. मग आजोबांचा भरल्या तोंडाचा आवाज आला, "धाकटे सुधारायचे नाहीत हो." मी भट्टीकडे तोंड करून डोळे पुसले.

घंटी आता पूर्वीसारखी वाजते. ताई दुपारचा थोडा वेळ खाली बसते, हा वेळ वाढतो आहे. ताई दवाखान्यात जाते त्या दिवशी भाची डाव्या हाताने मोडायचा सराव करते, अजून तिच्या हातून चुरा होतो. मी एकदा तिला विचारलं, तुझ्या त्या ब्रँडच्या गोष्टीत हे बसतं का, खोक्यावर छापायचं का? ती म्हणाली, "नाही मामा. छापलं की संपलं." सुतार परवा आला एकदाचा, त्याला मी दारातूनच परत पाठवला. जाताना त्याने एक पुडा नेला, आणि त्याच्या वेळीही एक तुटलं.

काल चार वाजता चहा आला. बशी द्यायला ताई स्वतः भिंतीला टेकत टेकत खिडकीपर्यंत आली होती. बशीत अर्धीमुर्धी बिस्किटं. मी एक तोंडात टाकलं, इतकं गोड लागलं की कुरकुर करायचंच विसरलो. पण ती खिडकीशी थांबली होती, जात नव्हती.

मग मी कुरकुर केली, आणि ती शेवटपर्यंत ऐकून "बरं" म्हणाली.